घरच्या कॉम्प्युटरचा आयपी बदलायचाय? आधी कोणता, ते ठरवा

इंदूरला नवं ब्रॉडबँड घेतलं की सुरुवातीचे काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस एखादी साइट उघडेनाशी होते, प्रिंटर दिसेनासा होतो, नाहीतर दुकानातले कॅमेरे घरून बघायला मिळत नाहीत. अशा वेळी कुणीतरी हमखास सांगतं, "आयपी बदलून टाका, होईल." कुठला आयपी, कुठे जाऊन बदलायचा, हे मात्र सांगणाऱ्यालाही नीट ठाऊक नसतं. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर इथल्या ओळखीच्या घरांतून मला या कामासाठी फोन येत असतात. त्यातल्या निम्म्याअधिक वेळा आयपी बदलायची गरजच नसते, आणि उरलेल्यांत भलताच आयपी बदलून बघितलेला असतो. म्हणून हे सगळं एकदाच, क्रमाने लिहून ठेवतोय.

एक सूचना आधीच देतो. या लेखात आकडे आणि आज्ञा देवनागरीत आहेत. कॉम्प्युटरवर मात्र आकडे इंग्रजी आणि अक्षरं रोमनच टाकायची. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर काहीच चालणार नाही, आणि कारणही लवकर सापडणार नाही.

१. तुम्हाला नेमकं काय हवंय?

आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, आणि तुमच्या कॉम्प्युटरशी असे दोन पत्ते जोडलेले असतात. पहिला घरातला, तुमच्या राउटरने दिलेला. दुसरा बाहेरचा, म्हणजे तुम्ही साइट उघडता तेव्हा त्या साइटला दिसणारा. जुन्या इंदूरातला वाडा डोळ्यांसमोर आणा. रस्त्यावरचा घर नंबर सगळ्या वाड्याचा एकच, आत बिऱ्हाडांच्या खोल्यांना वेगवेगळे नंबर. खोली बदलली म्हणून पोस्टमनला वाड्याचा पत्ता बदललेला दिसत नाही.

आता दुखणं कोणतं, त्यावर इलाज ठरतो:

- प्रिंटर सापडत नाही, कॉम्प्युटर वाय-फायला जोडलेला दिसतो पण नेट नाही, "आयपी कॉन्फ्लिक्ट" असा निरोप येतो: घरातला पत्ता बघायचा. पायरी ४ आणि ५.
- एखादी साइट म्हणते की या पत्त्यावरून फार विनंत्या येताहेत, किंवा जिथेतिथे चित्रातले ट्रॅफिक सिग्नल ओळखायला लावते: बाहेरचा पत्ता. पायरी ६.
- घराबाहेरून घरच्या किंवा दुकानाच्या कॅमेऱ्यांपर्यंत, कॉम्प्युटरपर्यंत पोचायचंय: बाहेरचा पत्ता, पण बदलून भागणार नाही, स्वतःचा असावा लागतो. पायरी ७ आणि १०.
- एकच साइट उघडत नाही, बाकी सगळ्या उघडतात: बहुतेक वेळा दोष डीएनएसचा, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा. आयपीला हात लावण्याआधी डीएनएस बदलून बघा. पायरी ५ मध्ये जिथे डीएनएस टाकायची जागा आहे तिथे १.१.१.१ किंवा ८.८.८.८ टाकायचं. पहिला क्लाउडफ्लेअरचा, दुसरा गूगलचा, दोन्ही फुकट.
- नेट हळू चालतं: आयपी बदलून वेग वाढत नाही. कुणी कितीही छातीठोकपणे सांगो.

भंवरकुआँकडे खोली घेऊन राहणाऱ्या मुलामुलींसाठी एक गोष्ट: राउटर घरमालकाचा असेल तर पायरी ६ तुमच्या हातात नाही. पायरी ४ मात्र बिनधास्त करा.

२. हाताशी काय असावं

- राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरचा फोटो. त्यावर राउटरचा पत्ता, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड असतो. राउटर उलटा करून वाचण्यापेक्षा मोबाइलने फोटो काढणं बरं, वायर निसटत नाही.
- कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि ज्या मोबाइल नंबरवर कनेक्शन नोंदलंय तो मोबाइल. ओटीपी त्याच्यावरच येतो. कनेक्शन वडिलांच्या नावावर आणि वडील गावाला, अशी वेळ आणू नका.
- तुमच्या कनेक्शनला पीपीपीओई (राउटरने नाव-पासवर्ड देऊन कंपनीशी जोड करायची पद्धत) लागत असेल तर त्याचं युजरनेम आणि पासवर्ड. ते माहीत नसेल तर आजच कंपनीला विचारून वहीत लिहून ठेवा. का, ते पायरी ६ मध्ये कळेल.
- मोबाइलचा स्वतःचा डेटा चालू. घरचं नेट बंद पडल्यावर मदत शोधायला तोच उपयोगी पडतो.
- स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी घ्यायचा असेल तरच ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि दुकानाच्या नावावर घेत असाल तर जीएसटी क्रमांक.

३. आत्ताचे पत्ते टिपून घ्या

बदलण्याआधी काय होतं हे लिहिलेलं नसेल, तर बदललं की नाही हे कशावरून कळणार? तीन पत्ते टिपायचे.

पहिला, घरातला. विंडोजमध्ये स्टार्टवर क्लिक करून "सीएमडी" शोधा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक करून "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" निवडा. काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करा: आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी, सगळं सलग. एंटर मारल्यावर भराभर ओळी येतात आणि पहिल्यांदा बघणारा गांगरतो. त्यातला "मीडिया डिस्कनेक्टेड" लिहिलेला भाग सोडून द्या. जिथे "डीफॉल्ट गेटवे" समोर आकडा आहे, तोच तुमचा चालू जोड. त्याच भागात "आयपीव्ही४ ॲड्रेस" ही ओळ असते, समजा १९२.१६८.१.७. हा कॉम्प्युटरचा पत्ता. आणि गेटवे १९२.१६८.१.१, हा राउटरचा.

इथे १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर थांबा. राउटरने पत्ता दिलाच नाही म्हणून विंडोजने स्वतःच काहीतरी धरून ठेवलंय, असा त्याचा अर्थ. केबल, वाय-फाय किंवा राउटर यांतलं काहीतरी अडलंय. सरळ पायरी ४.

दुसरा, बाहेरचा. गूगलवर "व्हॉट इज माय आयपी" शोधा. जो दिसेल तो लिहून घ्या.

तिसरा, राउटरला कंपनीकडून मिळालेला. ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत गेटवेचा आकडा टाका. बहुतेक राउटर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर असतात, जिओच्या राउटरला १९२.१६८.२९.१ लागतो. स्टिकरवरचं नाव-पासवर्ड टाकून आत गेलात की "स्टेटस" किंवा "वॅन" (राउटरची कंपनीकडची बाजू) असं पान शोधा. तिथे "वॅन आयपी" असतो. ब्राउझर "ही साइट सुरक्षित नाही" म्हणून घाबरवेल. तुम्ही तुमच्याच घरातल्या डब्याशी बोलताय, पुढे जा.

आता दुसरा आणि तिसरा आकडा शेजारी ठेवून बघा. या एका तुलनेवर पुढचं सगळं अवलंबून आहे.

- दोन्ही सारखे: तुम्हाला खरा सार्वजनिक पत्ता मिळालाय. पायरी ६ नीट चालेल.
- वॅन आयपी १०० ने सुरू होतो आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मधला: तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, म्हणजे कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवलेत. पायरी ७ वाचा. वॅन आयपी १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तेच.
- वॅन आयपी १९२.१६८ ने सुरू: घरात दोन राउटर एकामागे एक लागलेत. कंपनीचा फायबरचा डबा एक आणि तुम्ही सिल्व्हर मॉलमधून आणलेला दुसरा. मग कंपनीच्या डब्याच्या पानावर जाऊन तिथला वॅन आयपी बघायचा. इथे लोक फार फसतात. आपल्या राउटरवर हव्या त्या सेटिंग करत बसतात आणि दार अडवून उभा असतो पुढचा डबा.

४. घरातला पत्ता नव्याने मागवणे

त्याच काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग, मग एक जागा, मग स्लॅश आणि त्याला चिकटून रिलीज. एंटर. पत्ता गेला, नेटही गेलं. आता आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, रिन्यू. एंटर. थोडं थांबलं की नवा पत्ता येतो. नवा म्हणजे बऱ्याचदा तोच जुना, कारण राउटर आपल्या यादीत बघून "हा कालचाच गडी" म्हणून तोच नंबर परत देतो. त्यात बिघडलं काही नाही. अडकलेला जोड सुटणं हेच इथलं काम.

साइट उघडत नसेल तर जोडीला आयपीकॉन्फिग, जागा, स्लॅश, फ्लशडीएनएस हेही करून टाका.

ॲपलच्या मॅकवर: सिस्टिम सेटिंग्ज, नेटवर्क, वाय-फाय, डीटेल्स, टीसीपी/आयपी, आणि "रिन्यू डीएचसीपी लीज". संपलं.

मुलगा पुण्यात नाहीतर परदेशात आणि आईवडील इथे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. मुलगा एनीडेस्क लावून दुरून हे करायला जातो. रिलीज म्हटल्याबरोबर त्याचा स्वतःचाच धागा तुटतो, रिन्यू टाइप करायला तो उरतच नाही, आणि इकडे काकू फोनवर म्हणतात, "अरे, स्क्रीन तशीच आहे, आता मी काय दाबू?" दुरून करायचं असेल तर दोन्ही आज्ञा एकाच ओळीत लिहा, मध्ये && ही खूण टाका आणि मग एंटर मारा. कॉम्प्युटर पहिली आज्ञा संपवून दुसरी आपली आपण चालवतो आणि थोड्या वेळाने पुन्हा जोडता येतं.

५. घरातला पत्ता ठरवून देणे

प्रिंटर, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा), टॅलीचा डेटा ठेवलेला कॉम्प्युटर, अशांचा पत्ता रोज बदलला तर बाकीच्यांना ते सापडत नाहीत. त्यांना एक पक्का नंबर द्यावा. याचे दोन मार्ग आहेत आणि मला विचाराल तर दुसराच निवडा.

पहिला मार्ग, कॉम्प्युटरवरच पत्ता लिहून देणे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, मग वायर असेल तर इथरनेट, नसेल तर वाय-फाय आणि तिथलं प्रॉपर्टीज. "आयपी असाइनमेंट" समोर एडिट दाबा, "ऑटोमॅटिक" च्या जागी "मॅन्युअल" करा, आयपीव्ही४ चालू करा आणि भरा:

आयपी ॲड्रेस: १९२.१६८.१.२३०
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
गेटवे: १९२.१६८.१.१
डीएनएस: १.१.१.१ आणि दुसऱ्या जागी ८.८.८.८

हे आकडे नमुन्याचे आहेत. पहिले तीन भाग तुमच्या गेटवेशी जुळले पाहिजेत, गेटवे १९२.१६८.२९.१ असेल तर पत्ताही १९२.१६८.२९ नेच सुरू व्हायला हवा. विंडोज १० मध्ये सबनेट मास्कऐवजी "सबनेट प्रीफिक्स लेंग्थ" विचारतात, तिथे २४ लिहायचं. २५५.२५५.२५५.० टाकलंत तर तो घेत नाही आणि चूक काय ते धड सांगतही नाही.

शेवटचा आकडा मनाला येईल तो घेऊ नका. राउटरच्या पानावर "डीएचसीपी" मध्ये तो कुठून कुठवर पत्ते वाटतो ते दिलेलं असतं, समजा १०० ते २००. तुमचा आकडा त्याच्या बाहेरचा घ्या. आत घेतलात तर राउटर तोच नंबर पाहुण्यांच्या मोबाइलला देऊन बसेल आणि दोघांचंही नेट आचके देईल.

दुसरा मार्ग, राउटरवर रिझर्व्हेशन. डीएचसीपीच्या पानावरच "ॲड्रेस रिझर्व्हेशन" किंवा "स्टॅटिक डीएचसीपी" असतं. तिथे यंत्राचा मॅक ॲड्रेस (यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला ओळख क्रमांक) निवडायचा आणि समोर नंबर लिहायचा. यंत्रावर काहीच बदलावं लागत नाही, सगळं एका पानावर दिसतं, आणि लॅपटॉप दुसऱ्या घरी नेला तरी तिथे बिनबोभाट चालतो. पहिल्या मार्गाने पक्का केलेला लॅपटॉप दुसरीकडे गेला की नेट नाही म्हणून रडत बसतो. एवढं मात्र बघा: विंडोज ११ आणि हल्लीचे मोबाइल वाय-फायला खोटा, बदलता मॅक ॲड्रेस दाखवू शकतात. "रँडम हार्डवेअर ॲड्रेसेस" हे घरच्या वाय-फायपुरतं बंद ठेवा, नाहीतर राउटरला ओळख पटत नाही.

६. बाहेरचा पत्ता बदलणे

घरगुती कनेक्शनचा बाहेरचा पत्ता साधारणपणे बदलता असतो. राउटरने कंपनीशी नवा जोड केला की पुष्कळदा नवा पत्ता मिळतो. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली आणि आली, तर तुम्ही काहीही न करता तो बदललेला असू शकतो. इन्व्हर्टरवर राउटर चालवणाऱ्यांचा पत्ता मात्र दिवसचे दिवस तोच राहतो.

क्रम असा ठेवा:

क) राउटरच्या वॅनच्या पानावर "डिस्कनेक्ट" बटण असेल तर ते दाबा, मिनिटभराने "कनेक्ट". पीपीपीओई कनेक्शनवर एवढ्याने सहसा काम होतं. पायरी ३ मधले आकडे परत बघा.

ख) नाही झालं तर राउटर स्विचने बंद करा आणि दहा-पंधरा मिनिटं तसाच ठेवा. लगेच चालू केलात तर कंपनीकडे जुना जोड अजून जिवंत असतो आणि तोच पत्ता परत मिळतो.

ग) तरीही तोच? रात्रभर बंद ठेवून बघा. घरात लँडलाइन याच डब्यावर असेल तर तीही रात्रभर बंद राहील, म्हाताऱ्या माणसांना सांगून ठेवा.

घ) काही कंपन्या पत्ता राउटरच्या मॅकवरून देतात. राउटरमध्ये "मॅक क्लोन" सेटिंग असतं, ते बदललं की कंपनीला नवं यंत्र दिसतं आणि नवा पत्ता मिळतो. पण मोहल्ल्यातल्या केबलवाल्याकडून कनेक्शन घेतलं असेल तर हे करण्याआधी त्याला फोन करा. यातले बरेच जण ग्राहकाचा मॅक आपल्याकडे बांधून ठेवतात. मॅक बदलला की नेट पूर्ण बंद, आणि तो "मॅक रीसेट" करेपर्यंत बसून राहा. राउटर नवा घेतल्यावर नेट न चालण्याचं कारणही पुष्कळदा हेच.

आता धोक्याची जागा. राउटरच्या मागे टाचणीच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यावर "रीसेट" लिहिलेलं असतं. ते दाबू नका. "बंद-चालू करा" म्हटल्यावर लोक नेमकं तेच दाबतात. त्याने पीपीपीओईचं नाव, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, सगळं पुसलं जातं. वहीत लिहिलेलं नसेल तर कंपनीचा माणूस घरी येईपर्यंत नेट नाही, आणि दिवाळीच्या आसपास तो कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही.

तसंच फायबरची पातळ वायर आणि तिचं हिरवं टोक यांना हात लावायचं कारण नाही. बंद करायचा तो विजेचा स्विच. "लॉस" लिहिलेला दिवा लाल झाला तर आयपीचा प्रश्नच उरत नाही, वायर कुठेतरी वाकली किंवा तुटली आहे. आणि काढलेल्या वायरच्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण लेसरचाच असतो.

परत चालू केल्यावर नेट आलंच नाही आणि राउटरच्या पानावर लॉगिन नाकारल्याचं दिसलं, तर जुना सेशन कंपनीकडे अडकलाय. फोन लावून सांगायचं ते हिंदीत एवढंच: "भैया, मेरा पुराना सेशन अटका हुआ है, क्लियर कर दीजिए." हे वाक्य बोललात की समोरचा "राउटर बंद-चालू करके देखिए" ची टेप लावत नाही.

७. सीजीनॅट निघालं तर

आयपीव्ही४ पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि त्याच एप्रिलमध्ये आपल्या आशिया-पॅसिफिक विभागातला मोकळा साठाही आटला. तेव्हापासून कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवतात. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी २०१२ मध्ये त्यासाठीच राखून ठेवली गेली.

याचा तुमच्यापुरता अर्थ असा, की राउटर बंद-चालू केल्याने तुमचा १०० वाला पत्ता बदलेल, पण साइटला दिसणारा पत्ता बदलेलच असं नाही. त्या पत्त्यावर कुणा अनोळखी शेजाऱ्याने उद्योग केले असतील तर "तुम्ही रोबो नाही ना" हे तुम्हालाही विचारलं जातं. राग येतो, पण अर्ध्या तासाने परत बघणं, किंवा तेवढं एक काम मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून उरकणं, हाच व्यवहारी उपाय. रेल्वेचं तिकीट काढायचं असेल तर सकाळी दहाच्या तोंडावर आयपीशी खेळत बसू नका.

कॅमेऱ्यांचं दुखणं वेगळं. सियागंजातल्या एका दुकानदाराला घरी बसून दुकान बघायचं होतं. कॅमेरे बसवणाऱ्याने राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग केलं (बाहेरून आलेली हाक ठरलेल्या यंत्राकडे वळवणं), डीडीएनएस लावलं (बदलत्या पत्त्याला एक कायमचं नाव देणं), पैसे घेतले आणि गेला. घरून काही दिसेना. मग एकाने राउटर बदलायला सांगितलं, तोही बदलला. वॅन आयपी बघितला तर १०० ने सुरू. सीजीनॅटमध्ये बाहेरून येणारी हाक तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही, ती कंपनीच्या दाराशीच थांबते. पोर्ट उघडा, डीडीएनएस लावा, राउटर दहा हजारांचा आणा, उपयोग शून्य. त्याला शेवटी डीव्हीआरचं क्यूआर कोडवालं ॲप लावून दिलं. त्यात डीव्हीआर स्वतःच बाहेर जाऊन जोड करतो, म्हणून ते चालतं. घरगुती गरजेला एवढं पुरतं. ज्यांना त्याहून जास्त हवं त्यांनी पायरी १० कडे जावं.

८. आयपीव्ही६ विसरू नका

"व्हॉट इज माय आयपी" ला कधी आकडे आणि अक्षरं मिसळलेली, मध्ये दोन-दोन टिंबं असलेली लांबलचक माळ येते. तो आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचा पत्ता. तो चालू असेल तर पुष्कळ मोठ्या साइट तुमच्याशी त्याच वाटेने बोलतात, आणि तुम्ही आयपीव्ही४ कितीही बदला, त्यांना त्याचा पत्ताही नसतो. विंडोज या माळेचा मागचा अर्धा भाग स्वतःच अधूनमधून बदलत राहतो. पुढचा भाग कंपनीने दिलेला असतो आणि घर त्यावरूनच ओळखू येतं. तो बदलायचा तर पायरी ६ च. आयपीव्ही६ कायमचं बंद करून टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो मी देत नाही. सीजीनॅटच्या मागे असलेल्या घराला कंपनीने आयपीव्ही६ दिलं असेल तर स्वतःचा खरा पत्ता म्हणावा असा तेवढाच असतो.

९. व्हीपीएन

साइटला दिसणारा पत्ता ताबडतोब आणि खात्रीने बदलायचा तर व्हीपीएन, म्हणजे तुमची ये-जा आपल्या सर्व्हरमधून वळवणारी सेवा, हाच सोपा मार्ग. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. पण फुकटच्या व्हीपीएनपासून चार हात लांब राहा. तुमची सगळी ये-जा त्यांच्या हातून होते, आणि फुकट कुणी धर्मादाय म्हणून चालवत नाही. बँकेचं काम करताना तो बंद ठेवा, नाहीतर बँकेला तुम्ही अचानक नेदरलँड्समध्ये दिसता आणि खात्याला कुलूप बसतं.

आयपी बदलला की आपण अदृश्य झालो, अशी तरुण मुलांची समजूत असते. तसं काही होत नाही. कोणत्या वेळी कुठला पत्ता कुणाकडे होता याची नोंद इंटरनेट कंपनीला ठेवावीच लागते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने व्हीपीएनवाल्यांनाही ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं, आणि त्यावर काही कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हरच हलवले.

१०. स्वतःचा स्टॅटिक आयपी घेताना

आधी कंपनीला फोन करून नेमके प्रश्न विचारा: "पब्लिक आयपी देते हो, या सब सीजीनॅट पर है? स्टॅटिक का चार्ज महीने का है या साल का? जीएसटी जोड़कर बता रहे हो या अलग?" जीएसटी १८ टक्के लागतो, तो बिलात नंतर उगवतो. काही ठिकाणी घरगुती प्लॅनवर स्टॅटिक देतच नाहीत, व्यावसायिक प्लॅन घ्यायला लावतात. मग हिशेब करा. दोन कॅमेऱ्यांसाठी तो सौदा परवडत नाही.

फोनवर "हो जाएगा" म्हणणाऱ्यावर विसंबू नका. ग्राहक क्रमांक, नोंदलेला मोबाइल आणि ओळखपत्राची प्रत लावून ईमेल पाठवा आणि उत्तरात आयपी, सबनेट, गेटवे हे आकडे लेखी मागा. चालू झाल्यावर पायरी ३ परत करा. वॅन आयपी, बाहेरचा आयपी आणि ईमेलमधला आकडा, तिन्ही एकच आले पाहिजेत.

स्टॅटिक पत्ता म्हणजे उघडं दार, हेही ध्यानात घ्या. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले ते केवळ कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते म्हणून. डीव्हीआरचा आणि राउटरचा पासवर्ड त्याच दिवशी बदला, राउटरमधलं "यूपीएनपी" (यंत्रांना आपणहून पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, आणि जेवढं पोर्ट लागतं तेवढंच उघडा.

पैसे घेऊनही पत्ता मिळाला नाही तर कंपनीकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक घ्या. नंबराशिवाय केलेला फोन ही तक्रार धरली जात नाही. उत्तराने समाधान झालं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत अपील करता येतं, त्याला फी नाही. ट्रायला, म्हणजे दूरसंचार नियामकाला पत्र लिहून उपयोग नाही, ट्राय एकेकट्या ग्राहकाच्या तक्रारी सोडवत नाही.